सगळीकडे आंग्रेच! मुंबई-खांदेरी-अलिबाग डे टूरचा रिव्ह्यू

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. टूर पैसे वसूल आहे, गाईड सर एक नंबर, मासे मस्त, व्हेज जेवण बेकार, संध्याकाळी थोडी पळापळ, आणि एका विषयाला सरांनी चक्क बगल दिली. पाचात चार. बाकीच्यांनी निवांत वाचा, कारण लिहिण्यासारखं बरंच आहे.

टूरची आयडियाच मला आवडली होती. नेहमीसारखं 'सात पॉइंट एका दिवसात' नाही, तर एक आडनाव धरायचं आणि दिवसभर त्याच्या मागे फिरायचं. आडनाव आंग्रे. म्हणजे कान्होजी आंग्रे तर आपल्याला शाळेपासून माहितीयेत (निदान नाव तरी, पुस्तकात दोन ओळी असायच्या), पण त्या नावाचा नौदलाचा तळ आहे, बेट आहे, दीपगृह आहे, भर समुद्रात पाण्याखाली एक अख्खं पठार आहे, मुंबई-गोवा क्रूझ होती, गिरगावात व्ही. पी. रोडला आंग्रेवाडी आहे, हे सगळं एका दोरीत कोणी ओवून दाखवलं नव्हतं. माणशी 2400 रुपये, त्यात रो-रोचं (गाड्यासुद्धा नेणारी मोठी बोट) तिकीट, पलीकडची बस, खांदेरीची लाँच, जेवण आणि दोनदा चहा. आयोजक एक छोटा ग्रुप आहे, बुकिंग फोनवरच, आणि लाँच, परवानगी वगैरे सगळं त्यांनीच बघितलेलं असतं.

सुरुवात सकाळी हॉर्निमन सर्कलला, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर. मला वाटलं होतं इथे फक्त हजेरी घेतील आणि निघतील, पण माझ्या मते अख्ख्या टूरमधला सगळ्यात भारी भाग इथेच झाला, तेही काहीही न बघता! कारण एशियाटिकच्या मागे नेव्हल डॉकयार्डच्या आत जुना बॉम्बे कॅसल आहे आणि तिथे आपल्याला प्रवेश नाही, फोटो नाही, काही नाही, नुसती भिंत. सरांनी त्या भिंतीकडे हात करून जी गोष्ट सांगितली ना, ती ऐकून पुढे बसलेल्या कॉलेजच्या पोरांनीसुद्धा मोबाईल खिशात घातले.

गोष्ट अशी की हा किल्ला म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबईतलं मुख्य ठाणं, गव्हर्नर इथला, खजिना इथला, दारूगोळा इथला. आणि कान्होजी म्हणजे मराठ्यांचे सरखेल, आरमारप्रमुख. त्यांचं म्हणणं सरळ होतं की किनारा आमचा आहे तर इथून जाणाऱ्या जहाजाने आमचा दस्तक म्हणजे परवाना घ्यायचा, फी भरायची आणि बिनधास्त जायचं. कंपनी म्हणाली आम्ही नाही देणार. मग काय, जहाजं धरली जाऊ लागली. 1712 मध्ये तर खुद्द गव्हर्नर आयस्लाबीची यॉट पकडली, तिच्यात कारवारच्या वखारीच्या प्रमुखाची बायको होती, नवरा लढाईत मेला, आणि तिला सोडवायला कंपनीला 30,000 रुपये मोजावे लागले. त्या काळातले! मग 1715 ला बून नावाचा गव्हर्नर आला, त्याने शहराला तटबंदी केली, लढाऊ जहाजं बांधली, आधी विजयदुर्गावर माणसं पाठवली, मग 1718 मध्ये खांदेरीवर पाठवली, दोन्हीकडून हात हलवत परत. त्याच वर्षी नाताळात समोरचं सेंट थॉमस चर्च उघडलं हेही सरांनी तिथल्या तिथे दाखवलं, त्यामुळे तारीख डोक्यात फिट बसली. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून सहा हजारांच्या आसपास फौज घेऊन कुलाब्यावर गेले, अलिबागचा कुलाबा किल्ला, आपला मुंबईतला कुलाबा नाही, तरी जमलं नाही. 1729 मध्ये कान्होजी गेले तोपर्यंत त्यांना कोणी हरवू शकलं नाही. इंग्रजी कागदांत मात्र कायम 'आंग्रिया द पायरेट'.

आणि आता त्याच बॉम्बे कॅसलमध्ये, जिथे बसून त्यांना संपवायचे बेत आखले जायचे, तिथे भारतीय नौदलाचा जो तळ आहे त्याचं नाव आयएनएस आंग्रे. आधी त्याचं नाव होतं डलहौसी. 15 सप्टेंबर 1951 ला बदललं. आत कान्होजींचा पुतळासुद्धा आहे. हे ऐकल्यावर एक काका म्हणाले, "म्हणजे चोर म्हणायचे त्यालाच घराची किल्ली दिली की!" सर म्हणाले, "चोर नव्हता काका, घर त्याचं होतं." टाळ्या पडल्या. हा डायलॉग सर दर रविवारी मारत असणार, पण चालतंय, पैसे दिलेत तर एवढं हवंच.

मग टॅक्सी शेअर करून भाऊचा धक्का (हे पैसे वेगळे, बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही, लक्षात ठेवा) आणि तिथून मांडव्याची रो-रो. तासाभराचा प्रवास, एसीत बसता येतं पण बसू नका, वर डेकवर जा कारण सर वरच बोलतात आणि वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही. एक साधा गळ्यात अडकवायचा स्पीकर घ्या हो, हजार-दोन हजारात येतो!

बोटीवर त्यांनी बाकीचे आंग्रे उरकले. आंग्रिया बँक म्हणजे विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार, साधारण 40 किलोमीटर लांब आणि 15 रुंद, वरचा भाग पाण्याखाली जेमतेम 20 मीटरवर. मला हे बँक म्हणजे सहकारी बँक वाटायचं असं शेजारची ताई म्हणाली, आणि खरं सांगायचं तर डेकवरच्या निम्म्या लोकांचे चेहरे तेच सांगत होते. मग 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली आंग्रिया क्रूझ, मुंबई-गोवा, तीही याच पठ्ठ्याच्या नावाची, जपानमध्ये बांधलेलं जहाज. आता ती सेवा बंद पडलीये. पोस्टाने 1999 मध्ये 3 रुपयांचं तिकीट काढलं होतं त्यावर कान्होजींच्या आरमारातला गुराब (लढाऊ जहाज) आहे, त्याची झेरॉक्स सगळ्यांना वाटली. कलर प्रिंट दिली असती तर काय बिघडलं असतं.

आमच्या ग्रुपमध्ये डोंबिवलीचं एक आंग्रे कुटुंब होतं. त्यांनी निघतानाच विचारलं होतं, "आंग्र्यांना डिस्काउंट आहे का?" नाहीये. मग सरांनी सांगितलं की घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी गावावरून आंग्रे झालं, तर मागून एक संकपाळ निघाले. ते म्हणे मग आम्हाला तर फुकटच पाहिजे. पुढचा अख्खा दिवस हे दोघं एकमेकांना सरखेल सरखेल करत होते आणि जेवताना एकाच टेबलावर बसले. अशी माणसं ग्रुपमध्ये असली की टूर निम्मी तिथेच वसूल.

मांडव्याहून बसने थळ आणि थळहून लाँचने खांदेरी. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर. दुपारच्या भरतीला लाँच धक्क्याला नीट लागते, त्यामुळे ही टूर ते पुनव किंवा अवसेच्या आसपासच्या रविवारीच ठेवतात. दुपारी भरती मिळते आणि संध्याकाळी ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. हे प्लॅनिंग मला फार आवडलं, नाहीतर बऱ्याच टूरवाल्यांना कॅलेंडरवरची लाल तारीख सोडून काही दिसत नाही.

खांदेरीचं सरकारी नाव 1998 पासून कान्होजी आंग्रे बेट. दीपगृहसुद्धा कान्होजी आंग्रे दीपगृह, इंग्रजांनी 1867 मध्ये बांधलेलं. पण लाँचवाल्या कोळी दादांच्या तोंडी दिवसभर खांदेरीच होतं. मला हे नामकरण थोडं अजब वाटतं, म्हणजे कान्होजींचा मान हवाच, पण या बेटाची पहिली मोठी लढाई त्यांच्या आधीची. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, मुंबईच्या तोंडावर म्हणून इंग्रजांनी अडवायला जहाजं पाठवली, पलीकडच्या उंदेरी बेटावर जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला, आणि महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी तोफा खात खात बांधकाम पूर्ण केलं. तो मायनाक कुठे आहे नावात? गंमत म्हणजे नौदलाने खांदेरी हे नाव मात्र जपलंय, आधी 1968 च्या पाणबुडीला आणि मग 2019 मध्ये मुंबईत दाखल झालेल्या नव्या पाणबुडीला. माणसाचं नाव बेटाला गेलं आणि बेटाचं नाव पाणबुडीला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले त्यातही हा खांदेरी म्हणूनच आहे.

बेटावर बघायला तटबंदी, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा (अशा गाड्यासकट तोफा फार कमी ठिकाणी राहिल्यात), वेताळाचं देऊळ जिथे कोळी लोक आवर्जून येतात, आणि तो फेमस दगड, ज्यावर छोटा दगड आपटला की धातूसारखा आवाज येतो. सगळ्या पोरांनी वाजवून वाजवून डोकं उठवलं. दोन तास मिळतात, पुरतात. सावली कमी आहे, पाणी स्वतःचं न्या, आणि ज्येष्ठ मंडळींनी टॉयलेटची सोय थळलाच बघून घ्यावी, पुढे भरवसा नाही.

परत येऊन थळला एका घरी जेवण. सुरमई फ्राय, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी, हात चाटत राहावं असं. पण व्हेजवाल्यांना बटाट्याची भाजी आणि वरण-भात. त्याच पैशात! वालाचं बिरडं करा की, अलिबागेत आहात, पांढरा कांदा कापून द्या सोबत. आमच्यातल्या दोन माळकरी आजी काही बोलल्या नाहीत पण मला वाईट वाटलं. अर्धा स्टार इथे गेला.

जेवण लांबलं त्यामुळे पुढे धावपळ. हिराकोट किल्ला बसमधूनच दाखवला, तसंही त्यात आता जेल आहे. आंग्र्यांच्या समाधीला दहा मिनिटं, तिथे खरं तर जास्त थांबायला हवं होतं, दगडी काम बघण्यासारखं आहे आणि ज्या माणसाच्या नावाने सकाळपासून फिरतोय तो इथे आहे ना राव. कुलाबा किल्ल्यात मात्र छान वेळ मिळाला. पाणी उतरलेलं, काही जण घोडागाडीने, आम्ही चप्पल हातात घेऊन. आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं 1759 चं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे, तटावर इंग्लंडमध्ये ओतलेल्या दोन तोफा आहेत.

आता ती बगल. दिवसभर 1729 पर्यंतचे आंग्रे ऐकले. पुढे काय झालं? कान्होजींनंतर मुलांमध्ये भांडणं झाली, दौलत कुलाबा आणि विजयदुर्ग अशी वाटली गेली, तुळाजी आंग्र्यांचं आणि पेशव्यांचं फाटलं, आणि नानासाहेब पेशव्यांनी चक्क इंग्रजांना सोबत घेतलं. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि तुळाजींचं आरमार एका दिवसात जळून गेलं. तुळाजी मरेपर्यंत कैदेत. जे इंग्रजांना चाळीस-पन्नास वर्षं जमलं नाही ते आपण त्यांना जमवून दिलं. यावर सर एक वाक्य बोलले नाहीत! डोंबिवलीच्या आंग्र्यांनीच शेवटी किल्ल्यात विचारलं, "तुळाजींचं काय झालं?" तर "तो मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी" म्हणून पुढे. अहो मोठा विषय आहे म्हणूनच तर 2400 दिलेत. लोक नाराज होतील म्हणून टाळत असतील तर कळतं, पण सकाळी बॉम्बे कॅसलच्या भिंतीसमोर ज्यांना तुम्ही एवढं पेटवलं त्यांना संध्याकाळी हेही झेपलं असतं. दुसरा अर्धा स्टार इथे.

परतीच्या रो-रोला शेवटच्या फेरीची धाकधूक असते, रविवारी संध्याकाळी गर्दी बेक्कार, पण तिकिटं आधी काढलेली होती त्यामुळे सगळे बसले. बोट लागत असेल तर गोळी लाँचच्या आधी घ्या, रो-रोला गरज नाही. पावसाळ्यात खांदेरीची फेरी बंद, साधारण दिवाळीनंतर चालू करतात. दहा वर्षांखालची पोरं नेऊ नका, सकाळच्या भिंतीसमोरच कंटाळतात. आणि आयोजक हे वाचत असतील तर, टॅक्सीचे पैसे आधी सांगा, स्पीकर घ्या, आणि विजयदुर्गची दोन दिवसांची टूर काढा, तुळाजींसकट, आमच्या गाडीतले निम्मे तरी लगेच नाव देतील.