असिंकआयओमध्ये सॉकेट: स्ट्रीम घ्यायचा, प्रोटोकॉल लिहायचा, की थेट सॉकेटला हात घालायचा?

पायथनमध्ये नेटवर्कवर बोलणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि असिंकआयओचं (asyncio, एकाच वेळी अनेक कनेक्शनं सांभाळायची पायथनची लायब्ररी) डॉक्युमेंटेशन उघडलं, की पहिल्या तासातच गोंधळ होतो. सॉकेटवरून (नेटवर्क कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बाइट्स घेण्या-देण्याचे तीन दरवाजे एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी उभे आहेत, आणि तिन्हींवर ‘या’ असंच लिहिलंय. स्ट्रीम रीडर आणि रायटर हा एक, ट्रान्सपोर्ट आणि प्रोटोकॉल ही जोडी दुसरी, आणि इव्हेंट लूपच्या (सगळी कामं आळीपाळीने चालवणारा लायब्ररीचा गाभा) सॉक-रिसीव्ह, सॉक-सेंडऑल या थेट पद्धती तिसऱ्या.

बहुतेक जण ‘यातलं वेगवान कुठलं?’ असं विचारून निवड करतात. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायचं ते असं: डेटा तुम्ही मागून घेणार, की तो येईल तेव्हा झेलणार? स्ट्रीममध्ये तुमचा कोड लायब्ररीला सांगतो, ‘मला पुढची ओळ दे, मिळेपर्यंत मी थांबतो.’ प्रोटोकॉलमध्ये उलट होतं. लायब्ररीच तुम्हाला हाक मारते, ‘हे बाइट्स आलेत, काय करायचं ते बघ.’ बाकीचे जवळजवळ सगळे फरक इथूनच निघतात.

हे दोन थर एकत्र नांदतात याला इतिहास आहे. असिंकआयओ 2014 मध्ये पायथन 3.4 बरोबर आलं, आणि ट्रान्सपोर्ट-प्रोटोकॉलची कल्पना त्यात ट्विस्टेड या आधीच्या फ्रेमवर्ककडून आली. असिंक-अवेट (‘हे होईपर्यंत थांब, तोवर इतरांना चालू दे’ असं सांगणारी) ही वाक्यरचना 2015 मध्ये 3.5 पासून मिळाली, आणि स्ट्रीम वापरणं खऱ्या अर्थाने सुखाचं झालं ते तेव्हापासून. शोधताना जुनी उत्तरं समोर येतील. त्यात स्ट्रीमच्या फंक्शनला ‘लूप’ नावाचा आर्ग्युमेंट दिलेला दिसला तर ते बाजूला ठेवा, तो 3.10 मध्ये काढून टाकलाय. असिंकोर हे याच कामाचं जुनं मोड्यूल दिसलं तर प्रश्नच मिटला, ते मोड्यूल 3.12 पासून पायथनमध्येच नाही.

संवाद असेल तर स्ट्रीम

समजा सर्व्हरने आधी स्वागताची ओळ पाठवायची, मग क्लायंटने नाव सांगायचं, मग पासवर्ड, मग आज्ञा. स्ट्रीममध्ये हा संवाद जसा घडतो तसाच वरून खाली लिहिता येतो. प्रत्येक कनेक्शनमागे एक कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा तिथूनच पुढे चालू शकणारं फंक्शन), आणि ‘आपण कुठल्या पायरीवर आहोत’ हे वेगळं कुठे नोंदवावं लागत नाही. कोड ज्या ओळीवर थांबलाय तीच पायरी.

हाच संवाद प्रोटोकॉलने लिहायचा तर डेटा-रिसीव्ड हा एकच कॉलबॅक (डेटा आला की लायब्ररी हाक मारते ते तुमचं फंक्शन) सगळ्या पायऱ्यांसाठी वाजतो. मग ऑब्जेक्टवर ‘स्थिती’ नावाचा फील्ड येतो, त्यावर इफ-एल्सची शिडी येते, आणि सहा महिन्यांनी त्या शिडीत एक पायरी वाढवताना घाम फुटतो.

त्यात टीसीपीचा, म्हणजे या कनेक्शनांखाली चालणाऱ्या नेटवर्क-नियमांचा, जुना सापळा आहेच. टीसीपी बाइट्सचा प्रवाह देतो, निरोपांच्या सीमा देत नाही. समोरच्याने दोन निरोप पाठवले तर तुमच्या कॉलबॅकला एकदम दोन मिळतील, किंवा दीड, किंवा पहिल्याचे तीनच बाइट. आपल्याच मशीनवर चाचणी घेताना छोटे निरोप बहुतेक वेळा अखंड येतात, म्हणून ही चूक लपून राहते आणि खऱ्या नेटवर्कवर डोकं वर काढते. प्रोटोकॉलमध्ये तुकडे जोडायचं काम तुमचं. स्ट्रीममध्ये रीड-एक्झॅक्टली म्हणून आधी 4 बाइट लांबी वाचायची, मग तेवढा मजकूर वाचायचा, झालं. मध्येच कनेक्शन तुटलं तर इन्कम्प्लीट-रीड एरर येतो आणि तोवर आलेले अर्धवट बाइट्सही त्याच्याबरोबर मिळतात.

स्ट्रीमलाही दोन काटे आहेत. रीडलाइन कनेक्शन संपल्यावर एरर देत नाही, रिकामे बाइट्स परत देते. ते तपासायला विसरलात तर लूप रिकाम्या ओळी वाचत सुसाट फिरत राहतो आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो. दुसरं म्हणजे ओळीच्या लांबीची मर्यादा मुळात 64 केआयबी (1 केआयबी म्हणजे 1024 बाइट) असते. ओळीला एक जेसन अशा रचनेत एखादी नोंद त्याहून मोठी निघाली की व्हॅल्यू-एरर पडतो. सर्व्हर सुरू करताना ‘लिमिट’ वाढवून देता येतं, पण लांबी आधी सांगणारी रचना जास्त बरी.

लिहिण्याची बाजू: इथे खरी निवड होते

वाचण्याबद्दल सगळे बोलतात, सर्व्हर मात्र लिहिताना बुडतात. रायटरचं राइट हे साधं फंक्शन आहे, ते थांबत नाही. सॉकेट घेईना तर बाइट्स मेमरीतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवून मोकळं होतं. समोरचा संथ आणि तुम्ही उदार, तर तो बफर फुगतच जातो. हे मी एकदा स्वतः केलंय. राइट होतं, पण बफर उतरायची वाट पाहणारं ड्रेन नव्हतं, आणि ‘पायथन मेमरी सोडत नाही’ म्हणून दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो.

ड्रेनबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. अवेट ड्रेन म्हणजे ‘सगळं पोचेपर्यंत थांब’ असं नाही. बफरला वरची आणि खालची अशा दोन मर्यादेच्या खुणा असतात; तो वरच्या खुणेच्या खाली असेल तर ड्रेन लगेच परत येतं. वर गेला असेल तर खालच्या खुणेपर्यंत उतरेपर्यंत थांबवतं. मूळ खुणा 64 केआयबी आणि 16 केआयबी अशा आहेत. म्हणजे ड्रेन परत आलं तरी समोरच्याला निरोप मिळाला असं समजायचं कारण नाही. पोच हवी असेल तर ती तुमच्या स्वतःच्या निरोपांच्या नियमांत असली पाहिजे.

वाचताना स्ट्रीम हा भार आपणहून सांभाळतो. रीडरचा बफर मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेला की ट्रान्सपोर्टचं वाचन थांबतं. मग कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) बफर भरतो, टीसीपीची खिडकी (आणखी किती बाइट घेता येतील हे समोरच्याला सांगणारी मर्यादा) आखडते आणि पाठवणाऱ्यालाच हळू व्हावं लागतं. प्रोटोकॉलमध्ये पॉज-रीडिंग तुम्ही म्हटलं तरच होतं. नाही म्हटलं तर पूर आत येतच राहतो.

आता एकाच वेळी अनेकांना पाठवायचा प्रसंग घ्या: गप्पांचा सर्व्हर, थेट आकडे पुरवणारी सेवा. इथे स्ट्रीमचं सौंदर्य फिकं पडतं. हजार क्लायंटसाठी लूप लावून प्रत्येकाला राइट आणि ड्रेन केलं, तर सर्वांत संथ क्लायंट उरलेल्या 999 जणांना ताटकळत ठेवतो. त्यावर इलाज म्हणजे प्रत्येक क्लायंटला मर्यादित लांबीची रांग आणि ती रिकामी करणारा वेगळा टास्क (स्वतंत्रपणे चालणारं कोरूटीन). हे चालतं, पण हलणारे भाग वाढतात.

प्रोटोकॉलमध्ये पॉज-रायटिंग आणि रिझ्यूम-रायटिंग हे दोन कॉलबॅक मिळतात. पहिला आला की त्या कनेक्शनवर ‘तुंबलाय’ अशी खूण करायची. वाटप करताना ती खूण दिसली तर जुना आकडा गाळून फक्त ताजा ठेवायचा, किंवा सरळ कनेक्शन तोडायचं. कोणासाठीही थांबावं लागत नाही. अशा कामाला मी बिनदिक्कत प्रोटोकॉल निवडतो, आणि तेही वेगासाठी नाही तर या निर्णयाच्या मोकळेपणासाठी.

प्रोटोकॉलमधून अवेट करावंसं वाटलं तर

डेटा-रिसीव्ड हे साधं फंक्शन आहे, त्यात अवेट चालत नाही. निरोप आल्यावर डेटाबेसला विचारायचं असेल तर क्रिएट-टास्क करावा लागतो, आणि तिथून दोन भानगडी सुरू होतात. एक, इव्हेंट लूप टास्कचा फक्त कच्चा संदर्भ (वीक रेफरन्स, ज्याने ऑब्जेक्ट मेमरीत टिकून राहत नाही) धरून ठेवतो. तुम्ही तो कुठे जपून ठेवला नाही तर चालू टास्क गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा पायथनचा भाग) मध्येच उचलू शकतो. दोन, क्रम. पहिल्या निरोपाचा टास्क डेटाबेसपाशी अडला आणि दुसऱ्याचा पटकन संपला, तर उत्तरं उलटी जातात. मग रांग आणायची, तिचा एकच ग्राहक ठेवायचा, रांग भरली की पॉज-रीडिंग म्हणायचं. हे सगळं नीट केलंत की लक्षात येतं, आपण हाताने स्ट्रीमच बांधलाय.

तुटलं ते कळणार कसं

इथे प्रोटोकॉल स्पष्टवक्ता आहे. कनेक्शन जुळल्याचा कॉलबॅक कनेक्शन-मेड आला असेल तर तुटल्याचा कनेक्शन-लॉस्ट एकदाच येतो. सगळी साफसफाई तिथे ठेवता येते. स्ट्रीममध्ये वाचाल तेव्हाच कळतं, म्हणून साफसफाई फायनली ब्लॉकमध्ये हवी: क्लोज, मग वेट-क्लोज्ड. समोरच्याने फक्त आपली पाठवण्याची बाजू बंद केली तर साध्या, टीएलएस (एन्क्रिप्शन) नसलेल्या कनेक्शनवर स्ट्रीम तुमची बाजू उघडीच ठेवतो. रायटर बंद करणं तुमच्यावर असतं, आणि विसरलात तर उघडी सॉकेटं साचत जातात.

वायर उपटली, वीज गेली, तर मात्र दोन्हीकडे शांतता. वेळमर्यादा तुम्हालाच लावावी लागते. स्ट्रीममध्ये वाचनाभोवती असिंकआयओ-टाइमआउटचा ब्लॉक लावला की काम झालं (हा 3.11 पासून आहे, त्याआधी वेट-फॉर). प्रोटोकॉलमध्ये ठरावीक वेळाने कॉलबॅक वाजवणारं कॉल-लेटर लावा, निरोप आला की रद्द करा, पुन्हा लावा. जमतं, पण कंटाळवाणं आहे आणि एखादी रद्द करायची ओळ हमखास राहते.

थेट सॉकेट

तिसऱ्या दरवाज्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सॉकेट दुसऱ्या कुणी बनवून तुमच्या हातात दिलंय, किंवा सॉकेटचा प्रकार नेहमीचा नाही, तरच तिकडे जावं. टीएलएसमध्ये गुंडाळलेलं सॉकेट या पद्धती घेतच नाहीत. शिवाय सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (डेटा नसला तरी अडून न राहणारं) करायला विसरलात तर डीबग मोडमध्ये एरर मिळतो, एरवी अख्खा इव्हेंट लूप गप्प उभा राहतो. विकास करताना डीबग मोड चालूच ठेवा. 100 मिलीसेकंदांहून जास्त वेळ खाणाऱ्या कॉलबॅकची नावंही तो लॉगमध्ये टाकतो.

यूडीपी (टीसीपीऐवजी सुटे सुटे निरोप पाठवणारा नियम) असेल तर स्ट्रीमचा पर्यायच नाही, डेटाग्राम प्रोटोकॉल घ्या. तिथे निरोपांच्या सीमा टिकतात, त्यामुळे तुकडे जोडायची कटकटही नाही.

आणि वेग?

प्रोटोकॉल वेगवान आहे हे खरं. मधला बफर आणि टास्कची उठाठेव वाचते. 3.7 पासूनच्या बफर्ड प्रोटोकॉलमध्ये तर बाइट्स थेट तुमच्याच बफरमध्ये उतरतात. प्रॉक्सी (दोघांमधला मध्यस्थ सर्व्हर) लिहीत असाल, जिथे बाइट्स इकडून तिकडे ढकलणं हेच काम आहे, तर हा फरक जाणवेल. प्रत्येक निरोपामागे डेटाबेसची फेरी असेल तर तो त्या फेरीत बुडून जातो. आधी मोजा. लिनक्स किंवा मॅकवर असाल तर लिबयूव्ही या सी-लायब्ररीवर बांधलेला यूव्हीलूप हा पर्यायी इव्हेंट लूप लावून पुन्हा मोजा, कारण त्यासाठी तुमचा कोड जवळपास बदलावा लागत नाही. विंडोजवर तो चालत नाही. तिथे 3.8 पासून मुळातच आयओसीपीवर (विंडोजची स्वतःची असिंक्रोनस सोय) आधारलेला प्रोअ‍ॅक्टर लूप असतो.

कनेक्शनं दहा-वीसच असतील तर असिंक्रोनसच्या भानगडीत न पडता प्रत्येकाला एक थ्रेड द्या. त्यात कमीपणा काही नाही. नव्याने सुरुवात असेल आणि असिंकआयओचं बंधन नसेल तर ट्रिओ ही दुसरी असिंक्रोनस लायब्ररी बघा. त्यात कॉलबॅकचा थरच नाही, आणि सेंड-ऑल हे डेटा कर्नलच्या हवाली होईपर्यंत थांबतं, त्यामुळे ड्रेन विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

अजूनही ठरत नसेल तर स्ट्रीमने सुरुवात करा, पण निरोप उलगडणारा कोड सॉकेटपासून वेगळा ठेवा: बाइट्स घेणारा, पूर्ण झालेले निरोप देणारा, अवेटचा एकही शब्द नसलेला एक साधा क्लास. उद्या प्रोटोकॉलकडे जावं लागलं तर तो तसाच उचलून डेटा-रिसीव्डमध्ये बसतो. आणि त्याची चाचणी घेताना निरोप अख्खा देऊ नका, एकेक बाइट करून भरवा. टीसीपीचा तो सापळा सर्व्हर चालू न करताच तिथे सापडतो.