मदर बेथेल की सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट?

अमेरिकेत वास्तुकला शिकणाऱ्या भाचीने विचारले, की कृष्णवर्णीयांच्या शहरी चर्चपैकी एकच पाहता येणार असेल, तर फिलाडेल्फियातील मदर बेथेल निवडावे की बर्मिंगहॅममधील सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट.

प्राचीनतेत बेथेलला तोड नाही. गुलामीतून मुक्त झालेल्या रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये लोहाराच्या जुन्या कार्यशाळेत ते सुरू केले आणि १८१६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांच्या एका शाखेचा) पंथ स्थापन झाला. आजची दगडी, रोमनेस्क (अर्धगोल कमानींच्या) शैलीतील इमारत मात्र त्याच जागेवरची चौथी असून १८९० च्या सुमाराची आहे. बर्मिंगहॅमच्या चर्चची उपासक-मंडळी १८७३ ची, वास्तू १९११ ची.

वास्तुरचनेत माझा कौल बर्मिंगहॅमला आहे, कारण जुळे मनोरे आणि बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातील) वळणाचा घुमट असलेली ती वास्तू वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने रचली, आणि त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, १५ सप्टेंबर १९६३ च्या बॉम्बस्फोटात येथे चार मुली मारल्या गेल्या. त्यानंतर ब्रिटनमधील वेल्सच्या लोकांनी वर्गणी काढून दिलेली, कलाकार जॉन पेट्स यांची कृष्णवर्णीय ख्रिस्ताची काचचित्र-खिडकी तेथे आहे.

पंथाचा उगम अभ्यासायचा असेल, तर ॲलन यांची समाधी आणि संग्रहालय असलेले बेथेल निवडावे. वास्तुकला व नागरी हक्कांचा लढा एकत्र पाहायचा असेल, तर बर्मिंगहॅम. भाचीने बर्मिंगहॅमला जावे.