मालवणची सुरमई पुण्याला आणायची, तर थर्माकोलचा खोका घ्यावा की आइसबॉक्स?

मालवणहून पुण्याला गाडीने आठ-नऊ तास सहज जातात, आणि मे महिन्यात डिकी चांगलीच तापते. अशा प्रवासात ताजी सुरमई धड पोचवायची तर दोन पर्याय असतात. एक मासळीवाल्याकडे शे-दोनशे रुपयांत मिळणारा थर्माकोलचा खोका. दुसरा आइसबॉक्स, म्हणजे प्लास्टिकच्या दोन भिंतींमध्ये पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरलेली पेटी. चांगली घ्यायची तर हजार-दोन हजारांच्या पुढेच.

उष्णता अडवण्यात फोम सरस. बाहेर 35 अंश असताना, दोन सेंटीमीटर जाडीच्या भिंतींचा तिसेक लिटरचा थर्माकोलचा खोका ढोबळ हिशेबाने तासाला अर्धा किलो बर्फ गमावतो. तीन सेंटीमीटर फोमची तेवढीच पेटी पाव किलो. नऊ तासांत साडेचार किलो आणि सव्वादोन किलो, एवढा हा फरक आहे. मात्र स्वस्त आइसबॉक्सचं झाकण बरेचदा आतून पोकळ असतं, तिथे फोम नसतोच. दुकानात झाकणावर टिचकी मारून बघा. भिंतीपेक्षा पोकळ आवाज आला तर ती पेटी घेऊ नका. थर्माकोलचा दोष झाकणाच्या फटीत. चिकटपट्टीचे दोन वेढे चारही बाजूंनी घट्ट फिरवले तर तो बराचसा भरून निघतो.

वास मात्र कशानेच जात नाही. थर्माकोलमध्ये एकदा मासळी ठेवली की त्यात दुसरं काही ठेवता येत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला कोपरे तुटायला लागतात. आइसबॉक्स धुऊन उन्हात वाळवला की पुन्हा कोकमाच्या बाटल्यांना चालतो.

माझ्या मते खोक्याइतकाच विचार बर्फाचा करायला हवा, आणि नेमका तोच कुणी करत नाही. जेटीवर मिळणारा चुरा मासळीला सगळीकडून चिकटतो, म्हणून ती झटकन गार होते. पण तो विरघळतोही लवकर. लादीचा तुकडा उलट: हवेला उघडा पृष्ठभाग कमी, म्हणून टिकतो जास्त, पण गारवा हळू देतो. पाच किलो मासळी 30 अंशांवरून शून्यावर आणायलाच दीड किलोहून जास्त बर्फ खर्ची पडतो. तेव्हा दोन्ही घ्या. तळाला चुरा, मग मासळी आणि चुरा यांचे थर, आणि सगळ्यात वर लादीचा तुकडा, कारण गार हवा खाली उतरते. मासळीइतकाच बर्फ हे प्रमाण धरा, उन्हाळ्यात थोडा जास्तच. वर जागा उरली तर वर्तमानपत्र कोंबा.

लादी मिळाली नाही तर होमस्टेच्या फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून घ्या. बर्फ फुगतो, म्हणून वर चार बोटं जागा सोडा, आणि निघण्याच्या आदल्या सकाळीच ठेवा. एका रात्रीत लिटरची बाटली आतपर्यंत गोठेलच असं नाही. जेल पॅक, म्हणजे गोठवून वापरायच्या जेलच्या बंद पिशव्या, कोरडे राहतात एवढंच. वजनाला वजन, ते बर्फापेक्षा जास्त टिकत नाहीत. बर्फावर मीठ टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मिठाने तापमान शून्याखाली उतरतं खरं, पण बर्फ भराभर संपतो.

वितळलेलं पाणी ठेवायचं की काढायचं? नुसत्या शीतपेयांच्या बाटल्या असतील तर ठेवा, तेही गारच असतं. मासळी असेल तर काढायलाच हवं, रक्ताच्या पाण्यात ती मऊ पडते. इथे तळाशी बूच असलेला आइसबॉक्स फार सोयीचा. झाकण न उघडता पाणी जातं.

वर्षातून एकदाच जाणाऱ्याने थर्माकोल, चिकटपट्टी आणि भरपूर बर्फ यांवर भागवावं. दर दोन-तीन महिन्यांनी गावी जाणाऱ्याने, किंवा ट्रॅव्हल्सच्या बसने येणाऱ्याने, आइसबॉक्सच घ्यावा. इतरांच्या बॅगांवर पाणी गळणारा खोका डिकीत कोण ठेवू देईल?