जिन्यावरच्या उंच भिंतीसाठी घडीची शिडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यातील आमच्या दुमजली घराची डागडुजी आणि रंगकाम आठ महिन्यांपूर्वी काढले, तेव्हा सर्वांत अवघड ठरला तो जिना. खोलीत दोन घोडे, म्हणजे फळी टेकवायचे स्टँड, ठेवून त्यांवर फळी टाकली की काम सुरू होते. जिन्यात सपाट जागाच नसते आणि वरचा स्लॅब पायरीपासून 11 ते 12 फुटांवर असतो. रंगाऱ्याने साध्या शिडीच्या एका पायाखाली दोन विटा सरकवलेल्या पाहिल्या आणि त्याच संध्याकाळी मी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे लांब-आखूड करता येणारी ॲल्युमिनियमची घडीची शिडी मागवली. किंमत सुमारे 14,000 रुपये, वजन 16 किलो आणि भारक्षमता, कंपनीच्या म्हणण्यानुसार, 150 किलो.

जाहिरातीतील चित्रात ही शिडी जिन्यावर चपखल बसलेली दिसते, पण घरात तसे झाले नाही. आमच्या पायरीची उंची साडेसहा इंच आणि रुंदी 10 इंच आहे. शिडीचा एक पाय खाली आणि दुसरा सहा पायऱ्या वर ठेवला, तर दोन्हींत 39 इंचांचा फरक पडतो. शिडीची लांबी मात्र एकेका दांड्याच्या अंतराने, म्हणजे 12 इंचांच्या टप्प्यानेच बदलते. त्यामुळे 36 इंचांवर खटका बसवला की खालची बाजू 3 इंच तोकडी पडते आणि शिडी खाली कलते. शेवटी सुताराकडून 19 मिलिमीटर प्लायवूडचे चार थर चिकटवून आणि स्क्रूने आवळून पायरीच्या मापाची बैठक करून घेतली, तिच्या कडेला पाय घसरू नये म्हणून पट्टी मारली आणि पायरीच्या नाकावर, म्हणजे पुढच्या कडेवर, अडकेल असा ओठ ठेवला. विकत घेण्यापूर्वी पायऱ्या मोजल्या असत्या, तर टप्प्याऐवजी बारीक फेरफार करता येणारे पाय असलेली शिडी मी निवडली असती.

बैठक झाल्यावर मात्र शिडीने उत्तम साथ दिली. स्लॅबजवळच्या भेगा भरणे, दिव्याचे फिटिंग बदलणे, कोपऱ्यातले रंगाचे हात देणे ही कामे निर्धास्तपणे झाली. आम्ही नेहमी वरच्या पायऱ्यांकडील आखूड बाजूने चढलो, वरचे दोन दांडे मोकळे सोडले आणि खाली एक माणूस कायम उभा ठेवला. ॲल्युमिनियममधून वीज वाहते, म्हणून दिव्याच्या कामापूर्वी मुख्य स्विच बंद करण्याची सवय सौभाग्यवतींनी लावून घेतली. मी दोनदा विसरलो होतो.

पुट्टी घासण्याच्या कामाला मात्र ही शिडी लावू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. भिंतीवर दोन्ही हातांनी जोर देताना शरीर उलट दिशेला रेटले जाते आणि शिडी आडवी हलू लागते. दोन मजल्यांच्या मधल्या पोकळीवरची भिंत तर हिच्या आवाक्यातच नाही, कारण तिथे पाय टेकायला पायरीच नसते. त्या भागासाठी कंत्राटदाराकडून परांची बांधून घेतली, तिचा खर्च वेगळा झाला, पण चार दिवस दोन माणसांनी फळ्यांवर बसून काम केले आणि कोणाचाही जीव टांगणीला लागला नाही.

तिसऱ्या महिन्यात पुट्टीची धूळ बिजागऱ्यांत बसून खटके अर्धवट लागू लागले. खटका पूर्ण बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय चढायचे नाही हा नियम त्यानंतरचा, आणि आता आठवड्यातून एकदा ब्रशने सांधे झाडतो. पायांचे रबरी बूट सहाव्या महिन्यात झिजले. गुळगुळीत ग्रॅनाइटवर धूळ असेल, तर ते नवे असतानाही सरकत होते, त्यामुळे पायरी ओल्या फडक्याने पुसून कोरडी केल्यावरच शिडी मांडतो. सुटे बूट मिळवायला विक्रेत्याने पाच आठवडे लावले आणि त्या काळात शिडी जिन्याखालीच पडून राहिली.