पेशीकडून वर्तनाकडे की वर्तनाकडून मेंदूकडे?

मेंदू वर्तनाचे नियंत्रण कसे करतो हे संगणकीय पद्धतींनी अभ्यासू पाहणाऱ्याला आधी एक निवड करावी लागते: चेतापेशींच्या विद्युत गुणधर्मांपासून वर्तनाकडे चढत जायचे, की वर्तनाच्या नोंदींपासून मेंदूकडे उतरायचे.

पहिल्या मार्गाचा पाया हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५२ साली घातला. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूतील सोडियम-पोटॅशियमचे प्रवाह मोजून त्यांनी समीकरणे मांडली आणि हक्सली यांनी ती हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. या मार्गाचे बळ असे, की समीकरणातील राशींना प्रयोगशाळेत पडताळता येते. औषधाने सोडियमची वाट बंद केली, तर समीकरणातही तेवढेच पद शून्य करून निकाल ताडता येतो. मात्र राशी वाढल्या की उत्तर एकच राहत नाही. खेकडे-शेवंडांच्या जठराची लय चालवणाऱ्या चेतापेशींच्या जाळ्याची दोन कोटींहून अधिक संगणकीय रूपे २००४ साली तपासली गेली, तेव्हा त्यांतील चार लाखांहून अधिक रूपांची लय खऱ्या प्राण्याच्या लयीशी जुळली. म्हणजे लय जुळली एवढ्यावरून यंत्रणा सापडली असे म्हणता येत नाही, आणि ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते.

दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू या मेंदूशास्त्रज्ञांचे १९९७ सालचे विवेचन होय. माकडाला संकेतानंतर रस मिळतो हे कळले, की डोपामिन-पेशींचा (डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या चेतापेशींचा) प्रतिसाद रसाऐवजी संकेतालाच येऊ लागतो, आणि अपेक्षित क्षणी रस मिळाला नाही तर त्यांची सक्रियता नेमकी तेव्हाच घटते. अपेक्षा आणि प्राप्ती यांतील फरकाचे गणित आधीपासून संगणकशास्त्रात होते, ते येथे चपखल बसले. या मार्गात राशी दोन-तीनच असतात, पण शिकण्याचा वेग आणि निवडीतील यादृच्छिकता या दोन राशी एकमेकींची उणीव भरून काढतात; त्यांच्या वेगवेगळ्या जोड्यांतून जवळजवळ तेच वर्तन निघू शकते, म्हणून त्या फसवतात.

चेतापेशींच्या जाळ्यांची ढोबळ नक्कल करणाऱ्या, उदाहरणांवरून शिकवलेल्या संगणकीय जाळ्यांचा तिसरा मार्गही आहे. भाकिताला तो उत्तम, स्पष्टीकरणाला अजून अपुरा.

हाती इलेक्ट्रोडच्या नोंदी आणि लहान, ओळखीचे पेशीजाल असेल, तर पहिला मार्ग घ्यावा. निवडी आणि प्रतिसादकाळ यांच्याच नोंदी असतील, तर दुसरा; नव्या अभ्यासकाने तर येथूनच आरंभ करावा असे माझे मत आहे. मात्र खऱ्या नोंदींना हात लावण्यापूर्वी राशींची मूल्ये स्वतः ठरवून कृत्रिम नोंदी तयार कराव्यात आणि त्यांवरून तीच मूल्ये परत मिळतात का, हे पाहावे. ती मिळत नसतील, तर प्रयोगाची आखणीच बदलावी लागेल.