बोंबलाच्या पोटात बोंबील निघाला! घरपोच मासळीचा अनुभव (४ स्टार)

डोंबिवलीत घरपोच मासे देणारे आता बरेच झालेत, त्यातल्याच एकांकडून चार-पाच महिने घेतोय. नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि माणसं चांगली आहेत.

बोंबील मात्र एक नंबर. गुलाबीसर, काचेसारखे, वास अजिबात नाही. फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायचा, पाणी निघालं की रवा लावून तळायचे, बास.

तर मागच्या रविवारी 'साफ करून' वर टिक केलं होतं, त्याचे ३० रुपये वेगळे, आणि आले अख्खेच्या अख्खे. शेवटी मीच विळी घेऊन बसलो आणि एकाच्या पोटातून निघाला बोटाएवढा दुसरा बोंबील, डोक्याशेपटीसकट! पुढच्यात जवळ्याचा, म्हणजे अगदी बारीक कोलंबीसारख्या मासळीचा, लालसर गोळा. फोन लावला तर मालकीणबाई मूळच्या सातपाटीच्या (पालघरकडचं कोळ्यांचं गाव), त्या हसायलाच लागल्या. "दादा, लय हावरा तो. जवळा, करंदी, मांदेली, मिळेल ते गिळतो, आपल्याच जातीची पिल्लं पण सोडत नाय. तोंड बघा की त्याचं."

बघितलं तर खरंच, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड डोळ्याच्या पार मागपर्यंत फाटलेलं आणि दात सुईसारखे बारीक, आतल्या बाजूला वळलेले, म्हणजे आत गेलेलं परत बाहेर यायचं नावच नको. एवढ्या लिबलिबीत माशाला असलं तोंड! डोल जाळं भरती-ओहोटीच्या धारेला बांधतात ना, त्यात जवळाही वाहत येतो आणि त्याच्या मागे असलेले हे महाशयही, असं त्यांनीच सांगितलं.

ऐकायला मजा आली पण मुद्दा तोच, पोट भरलेला मासा साफ न करता ठेवला की आधी पोटाकडूनच जातो. चार बोंबील पोटाशी फुटले होते, ते टाकावे लागले. बाईंनी ३० रुपये आणि चार बोंबलांचे पैसे लगेच परत केले, वाद नाही काही नाही, म्हणून एकच स्टार कापला.

मागवा बिनधास्त, फक्त डिलिव्हरीवाला दारात असतानाच पिशवी उघडून बघा. तो छोटा बोंबील खालच्या मांजरीला दिला, तिने हुंगला आणि निघून गेली. नखरे.