चाई डोळ्यांनी नव्हे, हिशेबाने पाहणारा दवाखाना

माझ्या २२ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात चाई पडली, तेव्हा आधीच्या दवाखान्यात ‘चट्टे किरकोळ आहेत, येतील केस’ एवढे सांगून दोन मिनिटांत मलम लिहून दिले गेले. चार महिन्यांत चट्टे पसरले, म्हणून आम्ही पुण्यातल्याच दुसऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्यांनी शेपटीच्या कंगव्याने भांग पाडत सगळे डोके पाहिले. जगभर रूढ असलेल्या ‘सॉल्ट’ मोजणीत माथ्याचा वाटा ४० टक्के, मागच्या बाजूचा २४ टक्के आणि उजव्या-डाव्या बाजूंचा प्रत्येकी १८ टक्के धरतात. ज्या भागातले जितके केस गेले, त्या प्रमाणात त्याच्या वाट्यातून गुण घेऊन बेरीज करतात. मुलीचे माथ्यावरचे ३० टक्के केस गेले होते, म्हणजे १२. मागचे निम्मे, म्हणजे आणखी १२. उजवीकडचे २० टक्के, म्हणजे ३.६, डावी बाजू शाबूत होती. एकूण २७.६. वीसपर्यंत सौम्य, ४९ पर्यंत मध्यम आणि ५० पासून तीव्र, या हिशेबाने आजार मध्यम ठरत होता.

डॉक्टरबाई मात्र तिथे थांबल्या नाहीत, आणि मला त्यांची खरी योग्यता तिथेच दिसली. उजव्या भुवईचे टोक विरळ झाल्याचे त्यांनी टिपले, ठिकठिकाणचे केस चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिले आणि मला नव्हे, मुलीला विचारले, ‘कॉलेजला जातेस ना?’ ती दोन महिने गेली नव्हती. भुवया किंवा पापण्या उठून दिसण्याइतक्या गेल्या असतील, मनावर परिणाम झाला असेल, सहा महिन्यांच्या उपचारांनी पुरेसा गुण आला नसेल किंवा डोक्यावर जागोजागी केस ओढताच निघत असतील, तर यांतल्या एकाही कारणाने मध्यम आजार तीव्र धरावा, अशी तज्ज्ञांची २०२२ची श्रेणी सांगते. हा फरक कागदी नाही. अमेरिकेत त्याच वर्षी बॅरिसिटिनिब या औषधाला चाईसाठी ज्या चाचण्यांवरून मान्यता मिळाली, त्यांत किमान ५० गुणांचेच रुग्ण घेतले होते. केवळ आकडा पाहिला, तर माझ्या मुलीसारखे रुग्ण बाहेरच राहतात.

तक्रारी दोन. पाचची वेळ घेऊनही नंबर सातला लागला, आणि गुणांक आम्ही मागितल्यावरच चिठ्ठीवर लिहून मिळाला. तो आपणहून द्यायला हवा.

तीन महिन्यांनी त्याच प्रकाशात, चारही बाजूंनी फोटो काढून पुन्हा मोजणी झाली. मागच्या चट्ट्यावर बारीक पांढरी लव आली होती. मी हरखून गेले, पण बाईंनी ती हिशेबात धरली नाही. जाड केस दिसले की आकडा कमी करू, असे त्यांनी मुलीला सांगितले.